खाली दुकान, वर बिऱ्हाड

ऑगस्ट २०२५ मध्ये एका मध्यरात्री नेवासा फाट्यावरील फर्निचरच्या दुकानाला आग लागली आणि दुकानाला लागूनच बिऱ्हाड असलेल्या एका कुटुंबातील पाच जण धुराने गुदमरून दगावले. त्यांत दोन मुले होती. आपल्या जिल्ह्याने हळहळ व्यक्त केली आणि नेहमीप्रमाणे आपण दैवाला बोल लावून मोकळे झालो. वस्तुतः यात दैवाचा भाग किती, हे तपासून पाहिले पाहिजे.

कारण ही घटना एकटी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानाला लागलेल्या आगीत तेथेच राहणारे चौघांचे कुटुंब गेले. एप्रिल २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली कपड्यांचे दुकान पेटले आणि वर झोपलेले सात जण गुदमरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत हेच घडले. तेथेही एकाच कुटुंबातील सात जण. गावे निराळी, पण खाली किंवा शेजारी दुकान, तेथेच बिऱ्हाड, रात्रीची वेळ आणि बाहेर पडण्याची वाट बंद, ही मांडणी तीच. जी आपत्ती ठरावीक मांडणीतच पुनःपुन्हा येते, तिला अपघात म्हणणे ही आपली सोय आहे.

शिर्डीच्या वाचकाने हे विशेष ध्यानी घ्यावे. तीर्थक्षेत्रातील जागेला भाव असतो. रस्त्यालगतचा प्रत्येक हात दुकानाला द्यावा आणि संसार वर न्यावा, हा हिशेब व्यापाऱ्याच्या दृष्टीने बिनचूकच आहे. मात्र या हिशेबात जिन्याला किंमत नसते, कारण जिना भाडे देत नाही. मग त्याच्याखाली शालींचे गठ्ठे, अगरबत्तीचे पुडे, तसबिरींच्या चौकटी, रिकामी खोकी जमतात आणि तेथेच स्कूटरची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लागते. खाली ठिणगी पडली की हाच जिना धुराडे बनतो. ज्वाला पोचण्यापूर्वी धूर पोचतो. त्यातील विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा न होताच बेशुद्ध होतो. चोराच्या भीतीने बसविलेल्या लोखंडी जाळ्या उरलेले काम पुरे करतात.

श्रीसाईसच्चरितात १९१० च्या दिवाळीची एक कथा आहे. बाबांनी धुनीत हात घातला आणि दूर गावी लोहाराच्या भट्टीत पडलेले मूल वाचविले. भाविक त्यात करुणा पाहतो, ते योग्यच आहे. पण मूल भट्टीत का पडले, हेही कथेतच आहे. भाता ओढणारी आई नवऱ्याच्या हाकेसरशी घाईने उठली आणि कडेवरचे मूल निसटले. धंद्याची आग आणि घरचे लेकरू एकाच जागी आले, की क्षणाची गफलत पुरते. शंभराहून अधिक वर्षांनी आपण तीच मांडणी सिमेंटमध्ये उभारली आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे मुद्दा प्रोत्साहनाचा आहे. व्यापाऱ्याला कर्ज देणारी बँक तारण मालाचा विमा मागते, कारण त्यात तिचे पैसे गुंतलेले असतात. त्या मालाच्या डोक्यावर झोपणाऱ्यांना बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे मात्र कोणी विचारीत नाही. प्रतिबंधाचा खर्च आज हातातून जातो. त्याचा लाभ म्हणजे न घडलेली दुर्घटना, आणि ती कोणाच्या वहीत जमा होत नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतींतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावयाचे असते. परंतु दुमजली दुकान-घराच्या जिन्याखाली तपासनिसाची नजर क्वचितच पोचते.

उपाय महागडे नाहीत. मागच्या बाजूस दुसरा जिना, ते न जमल्यास आतून उघडणारी जाळी आणि शेजारच्या गच्चीवर जाण्याची शिडी असावी. दुकान आणि जिना यांच्यामध्ये घट्ट बसणारे दार असावे व ते रात्री लावलेले असावे. धुराची सूचना देणारी घंटा खाली आणि वर दोन्हीकडे असावी. झोपेत नाक जागे नसते, कान असतात. दुकान बंद करताना त्याचा मुख्य स्वीच बंद करावा; दुकानाची आणि घराची वीजजोडणी वेगळी ठेवावी. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद असावा आणि शेगडीची नळी दर पाच वर्षांनी बदलावी. धूर भरलाच तर जमिनीलगत सरपटत बाहेर पडावे, मालासाठी मागे फिरू नये आणि बाहेर येताच १०१ किंवा ११२ वर कळवावे, हे घरातील लहानग्यालाही पाठ असावे.

एवढ्यावर मात्र भागणार नाही. कर्जमंजुरीच्या वेळी बँकेने मालाच्या विम्याबरोबर दुसऱ्या वाटेचाही दाखला मागावा. नगरपरिषदेने दुकानाच्या परवान्यास तीच अट घालावी. मुंबई गोदीतील १९४४ च्या स्फोटाच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात शाळा-महाविद्यालयांनी भाषणांऐवजी विद्यार्थ्यांना आपापल्या घराच्या वाटांचा नकाशा काढावयास लावावा. बंब वेळेवर आलाच, तरी धुराच्या काही मिनिटांपुढे तो उशिराच ठरतो. तेवढी मिनिटे घराने स्वतःच कमवावी लागतात, आणि ती जिना मोकळा करूनच कमवता येतात.