पडद्यावरचा इजिप्त, डोंगरातलं नाशिक



विंचूरच्या एका शाळेत संग्रहालय आलं. पडद्यावर आलं. दूर शहरातून बाई बोलत होत्या, पोरं टकामका बघत होती. ममी, सोन्याचा मुखवटा, पिरॅमिड. माझ्या धाकट्या बहिणीनं हात वर केला. ‘‘एवढाले दगड वाहिले कुणी? ती मानसं ऱ्हायची कुठं?’’ उत्तर आलं, वेळ संपली.

माझा पणजा शाळेच्या दाराबाहेर बसून अक्षरं शिकला. तेही दूरशिक्षणच. म्हणून हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, अंतर राखलंय कुणी?

इजिप्त नको असं माझं म्हणणं नाही. हवाच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस 2015 पासून शाळांच्या दारी जाते. 2023 च्या डिसेंबरात तिथं इजिप्त, असीरिया, ग्रीस, रोमची शिल्पं मांडली गेली. चांगलं झालं. पण राजाचा मुखवटा दाखवता, तर त्याची थडगी खोदणारे हातही दाखवा. तिसऱ्या रामसेसच्या राज्यात धान्याचा पगार थकला, तेव्हा हे कामगार काम टाकून बसले. तीन हजार वर्षांपूर्वीचा हा संप पपायरसवर लिहिलेला आहे. 1982 चा संप पाहिलेल्या गिरणगावच्या नातवंडांना ममीपेक्षा तो जवळचा.

आणि आपलं नाशिक? तिथल्या लेण्यांना पांडवांचं नाव चिकटवलंय. पांडवांचा काय संबंध? लेणी बौद्धांची, डोंगर त्रिरश्मी. सतरावं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं कोरवून घेतलं. म्हणजे जग इथं पायानं चालत आलं होतं. दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे : 2000 कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे ठेवले, व्याज महिना शेकडा 1, त्यातून 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. विणकरांवर एवढा भरवसा! मी बारा तास मागावर उभा असतो, अन् मला कर्जाला दोन जामीनदार लागतात.

हे कोण शिकवणार? वाट बघत बसू नका. 1935 च्या घोषणेची आठवण म्हणून 13 ऑक्टोबरला आपण येवल्याला जातोच. तसंच एक दिवस पोरं घेऊन त्रिरश्मी चढा. विणकरांचा लेख त्यांना वाचून दाखवा. मग पुन्हा पडदा लागला की पोरंच म्हणतील, बाई, आता आम्ही सांगतो. तुम्ही ऐका.

जय भीम.