नावे नव्याण्णव, अर्थ लावणारे आपण

नांदेड-पूर्णा रेल्वेमार्गावरचे चुडावा हे माझे गाव. आमच्या घरात दखनी बोलली जाते, दाराबाहेर मराठी. पेरणीनंतर पाऊस आला की माझी आजी घरात ‘अल्लाने सुन लिया’ म्हणायची आणि शेजारणीला ‘देवानं ऐकलं बाई’. तिला यात दोन देव कधी दिसले नाहीत. आज तिच्या पतवंडांच्या वयाची मुले मोबाइलवरची भाषणे ऐकून ‘देव’ म्हटले तरी ईमान जाते, असे एकमेकांना बजावतात. ‘खुदा हाफिज’ म्हणणाऱ्यालाही दुरुस्त केले जाते.

शिर्कची भीती खोटी नाही. पण ती मनातल्या अर्थाला लागू होते, तोंडातल्या भाषेला नव्हे. अल्लाह म्हणून हाक मारा किंवा रहमान म्हणून, सगळी चांगली नावे त्याचीच, अशा आशयाची मुभा कुरआनच्या सतराव्या सूरेतच आहे. इ.स. 628 मध्ये हुदैबियाचा तह लिहिताना मक्केच्या सुहैल बिन अम्र यांनी ‘रहमान’ या नावाला हरकत घेतली. पैगंबरांनी मक्केकरांच्या ओळखीचे जुने संबोधन लिहायला सांगितले. नावापायी तह मोडू दिला नाही. याउलट 2013 मध्ये मलेशियातील अपील न्यायालयाने एका कॅथलिक साप्ताहिकाला ‘अल्लाह’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. अरबी बोलणारे ख्रिस्ती शतकानुशतके हाच शब्द वापरत आले आहेत. आपल्याकडे श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठीत, मराठी माणसाच्या ओळखीच्या शब्दांत.

वर्णनांचेही तसेच. कुरआनात अल्लाहचा हात, चेहरा, सिंहासन यांचे उल्लेख आहेत आणि त्याच्यासारखे काहीच नाही, असेही सांगितले आहे. दोन्ही एकत्र वाचायचे तर अर्थ लावावाच लागतो. मुअतझिली विद्वानांनी हे रूपक मानले. अबुल हसन अल्-अशअरी (मृत्यू 936) यांनी शब्द मान्य केले, पण ‘कसा’ हे विचारू नये, अशी भूमिका घेतली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही मतभेद होते. अर्थ लावणे हे आजच्या सुधारकांचे खूळ नव्हे.

मी संगणक अभियंता आहे. शाळेपासून ज्या अल्जेब्राने माझी पाठ सोडली नाही, तो शब्द नवव्या शतकातील अल्-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल्-जब्र’वरून आला. जब्र म्हणजे मोडलेले सांधणे, हाड बसवणे. ‘अल्-जब्बार’ हे नाव त्याच धातूचे. आपल्याला मात्र जब्बार म्हणजे धाक घालणारा, एवढेच शिकवले जाते. मोडलेल्याला सावरणारा, हा अर्थही जुन्या भाष्यकारांनी दिला आहे. तसेच ‘रहमान’ आणि ‘रहीम’ यांचा धातू आईच्या गर्भाशयासाठी असलेल्या अरबी शब्दाचा. 114 पैकी 113 सूरा याच दोन नावांनी सुरू होतात.

हा केवळ शब्दांचा अभ्यास नाही. आपण कोणते नाव पुढे करतो आणि त्याचा कोणता अर्थ धरतो, त्यावर घरातला कायदा ठरतो. एका दमात तीन वेळा तलाक म्हणणारा माणूसही जेवायला बसताना बिस्मिल्लाह म्हणत होता. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही प्रथा रद्द ठरवली. रहमानला मानणाऱ्या समाजाला हे न्यायालयाकडून ऐकावे लागले, याचा विचार आपणच करायचा आहे.

एक साधी सूचना. गावोगावच्या मशिदीत जुम्म्याच्या दिवशी एकेका नावाचा अर्थ मराठीत किंवा दखनीत समजावून सांगावा आणि प्रश्न विचारू द्यावेत. ते ऐकायला बायकांनाही जागा असावी. सुरुवात ‘अल्-अद्ल’पासून, म्हणजे न्याय करणाऱ्यापासून, करता येईल.