कॅप बसवली, पुढे काय?

आमच्या चौलमध्ये नारळ-सुपारीच्या वाड्या जुन्या, पण पुढच्या दाताला पांढरीशुभ्र कॅप बसवायची हौस नवी. लग्न ठरलं की मुली अलिबाग गाठतात. हौस जरूर करा. पण साठवलेले पैसे घालून बसवलेली कॅप सांभाळायची कशी, हे कुणी विचारतच नाही.

मैत्रिणींनो, कॅप किडत नाही, आतला दात किडतो! कॅप आणि हिरडीच्या सांध्यात अन्न अडकतं, कीड तिथूनच शिरते. रूट कॅनाल केलेला दात किडला तरी बहुधा ठणकत नाही. कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून मऊ ब्रशने दोन वेळा त्या कडेवरून हलक्या हाताने घासा. रात्री दातांचा धागा फिरवा. सुपारी दाताने फोडू नका, कॅपचा टवका उडतो. खरं तर खाऊच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच तिला कर्करोगकारक ठरवलंय. मशेरीही सोडा, ती भाजलेली तंबाखूच.

आणि सहा महिन्यांनी दात दाखवून या. ‘दुखत नाही, मग कशाला जातेस?’ असं घरचे म्हणतील. त्यांना सांगा, दुखायच्या आधीच जायचं असतं!