सगळेच सरदार झाले, तर ऊस कोण कापणार?

आपल्या मॉरिशसमध्ये मराठी मंडळे पुष्कळ आहेत, माणसेही हुशार आहेत. तरीही गणेशचतुर्थीची तयारी असो वा शाळेचा वार्षिक समारंभ, समितीचे काम मध्येच अडते. "चांगली माणसे मिळत नाहीत," हे उत्तर मला मुळीच पटत नाही.

इंग्लंडमधील संशोधक मेरेडिथ बेल्बिन यांनी हेन्ली येथील व्यवस्थापन महाविद्यालयात प्रशिक्षणार्थींचे गट पाडून त्यांच्याकडून उद्योग चालविण्याचा खेळ खेळवून घेतला. सर्वांत तल्लख माणसे त्यांनी मुद्दाम एकत्र घातली. अशा 25 गटांपैकी जिंकले फक्त 3! प्रत्येक जण दुसऱ्याच्या म्हणण्यातील उणीव काढण्यात गुंतला आणि आवश्यक कामे तशीच पडून राहिली. 1981 सालच्या आपल्या ग्रंथात बेल्बिन यांनी गटातील आठ भूमिका सांगितल्या. तज्ज्ञाची नववी पुढे जोडली. कोणी कल्पना काढतो, कोणी ती पारखतो, कोणी बाहेरून मदत जमवितो, कोणी भांडण मिटवितो, तर कोणी काम तडीस जाईपर्यंत जागचा हलत नाही.

त्यांचा एक विचार मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक गुणाबरोबर एक दोष येतो, तो सोसून घ्यावा. काम तडीस नेणारा उगाच काळजी करतो. कल्पना काढणारा बारीकसारीक गोष्टी विसरतो. आपण नेमके याच दोषांवरून त्यांना बैठकीत धारेवर धरतो, आणि पुढच्या वर्षी ते आले नाहीत म्हणून कुरकुरतो.

आपली झाकरीच पाहा ना. एक जण गीत उचलतो, बाकीचे झेलतात, ढोलकीवाला लय सांभाळतो. सगळ्यांनीच गीत उचलले, तर काय ऐकू येईल? (काही बैठकांत तेच ऐकू येते!)

मात्र भूमिका म्हणजे जन्माची जात नव्हे. शिक्षकांच्या सभेत गप्प बसणारा गुरुजी खेळाच्या मैदानावर सहज पुढारी होतो. आणि आपल्या भगिनींना दरवर्षी चहा व प्रसादाचेच काम दिले जाते, ते त्यांचा स्वभाव ओळखून थोडेच? ती नुसती सवय आहे. घरखर्चाचा पै-पैचा हिशेब ठेवणारी बाई मंडळाची खजिनदार का होऊ नये? पुढच्या सभेत अध्यक्ष निवडण्यापूर्वी, कोणाला काय जमते हे एकदा सर्वांना विचारावे, आणि स्वयंपाकघरात असलेल्यांनाही बाहेर बोलावून विचारावे.