व्यसन नाही ना? बरं, इथे सही करा!

परवा शनिवार-रविवार गावी जाऊन आलो. गाव म्हणजे दासगाव. मुंबईहून निघालात की महाडच्या थोडं अलीकडे, हायवेलगत, सावित्रीच्या खाडीकाठी. सकाळी चहाचा कप घेऊन पडवीत आलो तर वहिनी दात घासत बसलेली. बोटावर काळी पूड. मिशेरी! यात नवीन काही नाही, लहानपणापासून बघतोय. पण या वेळी चहा घशात अडकला.

का ते सांगतो. गेल्या वर्षी वहिनीला सातव्याच महिन्यात मुंबईला हलवावं लागलं. बाळ एनआयसीयूत. हिला दूध भरपूर आणि बाळ पिणार चमचाभर. तिथल्या सिस्टरनी विचारलं, उरलेलं दूध मिल्क बँकेला देणार का? ही एका पायावर तयार. फॉर्म भरताना मी आणि काकी शेजारीच होतो.

"काही व्यसन नाही ना? बिडी, सिगारेट, दारू?"

वहिनी लाजून हसली. "नाय ओ!"

झालं. टिक. सही. रक्ताचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, आणि पुढचे काही दिवस तिनं मनापासून दूध दिलं.

"वहिनी, हॉस्पिटलात असताना पण लावत होतीस?" मी विचारलं.

"मग काय भावजी! त्याशिवाय पोट साफ व्हतंय काय?"

मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं, रक्तातून दुधात. आणि दुधात त्याचं प्रमाण रक्तापेक्षा जास्त असतं. तंबाखू घेणारी आई मिल्क बँकेला दाता म्हणून चालत नाही, हा नियम आहे. वहिनी खोटं बोलली का? मुळीच नाही. तिच्या लेखी ते व्यसन नाही, दात घासणं आहे. चुकलं ते उत्तर नाही, प्रश्न चुकला.

आता ऑफिसातला कोणीतरी म्हणेलच, "अरे, पण दूध पाश्चराइज करतात ना?" करतात. 62.5 अंशांवर 30 मिनिटं. त्यात एचआयव्ही मरतो, बहुतेक जंतू मरतात. निकोटीन मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं! औषधांचे अंश, दारू यांचंही तसंच. बॅसिलसचे काही बीजाणूही या उष्णतेतून वाचतात. रक्ताच्या तपासणीत बघतात एचआयव्ही, हेपटायटिस बी, सिफिलिस. तिथेही निकोटीन दिसत नाही. म्हणजे या एका गोष्टीपुरती अख्ख्या सिस्टीममध्ये एकच चाळणी आहे, ती म्हणजे सिस्टरनी विचारलेला प्रश्न. आम्ही साध्या लॉगिन पेजला इनपुट व्हॅलिडेशन लिहितो, आणि इथे पलीकडे सव्वा किलोचं बाळ आहे.

मिल्क बँक नको, असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट! 1989 साली मुंबईत सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली, याचा मला अभिमान आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पावडरच्या दुधापेक्षा दुसऱ्या आईचं दूध कितीतरी बरं. त्यानं आतडी सडण्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका कमी होतो. म्हणूनच ते दूध औषधासारखं जपायला हवं.

आणि आपण शहरी मंडळी काय करतो? पुण्यातली एक मैत्रीण फॉर्म बघून तणतणली होती, "मला एचआयव्हीचं विचारतात? मी काय तसली वाटले?" मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर ओळख काढून दूध परस्पर देऊन आली. ना तपासणी, ना उकळणं. बाई गं, प्रश्न तुझ्या चारित्र्याचा नाहीये. तो सगळ्यांना विचारतात, आणि सगळ्यांना विचारतात म्हणूनच त्यात अपमान नाही.

"पूर्वी शेजारणी एकमेकींची पोरं पाजायच्याच की!" हे काकीचं म्हणणं. खरंय. पण ती पोरं नऊ महिने भरलेली, अडीच-तीन किलोची असायची. सातव्या महिन्यातली तेव्हा सहसा जगायचीच नाहीत.

तर माझं भांडण "फॉर्मॅलिटी" या शब्दाशी आहे. तपासणी करायची तर धड करा. "व्यसन आहे का?" असं विचारू नका. "मिशेरी लावता का? तपकीर, गुटखा, पानात तंबाखू?" असं नाव घेऊन विचारा. "औषधं चालू आहेत का?" एवढ्यावर थांबू नका, "काढा, गावठी औषध, झोपेची गोळी?" हेही विचारा. आणि सासूला, दिराला (म्हणजे मलासुद्धा!) आधी खोलीबाहेर काढा. सासूच्या देखत कोणती सून खरं सांगेल? नकार द्यायचा तर कारण तिच्या एकटीच्याच कानात सांगा, आणि स्वतःच्या बाळाला पाजणं थांबवू नकोस, हेही सांगा. निगेटिव्ह रिपोर्टपेक्षा या दहा मिनिटांना खर्च कमी येतो.

वहिनीला सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भावजी, तवाच कुणी नाव घेऊन विचारलं असतं तर मी नसतं का सांगितलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या टेबलाशी मीही होतो, आणि ती मिशेरी लावते हे मला माहीत होतं.