दहा टक्क्यांची ओवाळणी नको, हिशेब हवा

जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च झाले पाहिजेत, हा नियम आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. पण हे दहा टक्के कशाचे, त्यांचा विनियोग कोण ठरवतं, कुठे ठरवतं आणि त्या वेळी त्या खोलीत एक तरी बाई असते का, एवढंच विचारायला कचेरीत गेलं की समोरचा माणूस हसून म्हणतो, "ताई, तुमच्यासाठीच तर आहे ते सगळं." या 'तुमच्यासाठी' शब्दावरच माझा आक्षेप आहे. घरात सगळं बाईसाठी असतं आणि कपाटाची किल्ली मात्र तिच्याकडे नसते, त्यातलाच हा प्रकार.

हा पैसा येतो कुठून? जमीन महसुलावरचा उपकर, जमिनीच्या खरेदी-विक्रीतल्या मुद्रांक शुल्कातला वाटा, पाणीपट्टीवरचा उपकर, ठेवींवरचं व्याज. म्हणजे ज्या जमिनीवर आपण कांदा लावतो, ऊस खुरपतो, वैरण कापतो, त्या जमिनीतून निघालेला हा पैसा आहे. सातबाऱ्यावर आपलं नाव नसलं तरी घाम आपलाच असतो. तेव्हा दहा टक्के ही भावाने बहिणीच्या ताटात टाकलेली ओवाळणी नव्हे, तो आपल्या कष्टाचा वाटा आहे, आणि वाटा मागणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क असतो.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना आम्हाला 'लोकसहभाग' हा शब्द फार वेळा ऐकवला गेला. त्याचा इतिहास मात्र नीट आठवायला हवा. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गटविकास अधिकारी आले, जीपगाड्या आल्या, योजना आल्या. पाचच वर्षांत, १९५७ साली, बळवंतराय मेहता समितीने या कार्यक्रमाची तपासणी केली. तिचा निष्कर्ष असा की अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या विकासात लोक येत नाहीत. लोकांनी निवडलेल्या संस्थांकडे अधिकार आणि पैसा दिल्याशिवाय हे चालणार नाही. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने त्याचा विचार केला, १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. त्या सभागृहात बाईला पाय ठेवायला मात्र आणखी तीस वर्षं लागली. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली तेव्हा एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. शिबिरं, मोर्चे, निवेदनं, घरातली भांडणं, एवढी किंमत मोजून ही जागा मिळाली.

आणि मार्च २०२२ मध्ये ते सभागृहच रिकामं झालं. २०१७ साली निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपली, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि गट-गणांच्या रचनेचा वाद न्यायालयात अडकला, आणि इतर अनेक जिल्ह्यांप्रमाणे आमच्या जिल्हा परिषदेचा कारभारही प्रशासकाकडे गेला. राज्यघटनेचं कलम २४३-ई सांगतं की मुदत संपण्याच्या आत निवडणूक झाली पाहिजे. ती न होता तीन वर्षांहून जास्त काळ गेला.

प्रशासक म्हणजे कोण? मुख्य कार्यकारी अधिकारीच. म्हणजे प्रस्ताव त्यांच्या कार्यालयाने मांडायचा, महिला व बालकल्याण समितीच्या जागी त्यांनीच विचार करायचा, सर्वसाधारण सभेच्या जागी त्यांनीच मंजुरी द्यायची आणि अंमलबजावणीही त्यांनीच करायची. अंदाजपत्रकाचंही तसंच. एरवी २७ मार्चच्या आत ते सभेपुढे येतं, त्यावर आरडाओरडा होतो, एखादी बाई उठून माझ्या गटातल्या उपकेंद्राचं काय झालं असं विचारते. आता विचारणाराही तोच, उत्तर देणाराही तोच. अधिकारी सज्जन असेल, कार्यक्षम असेल. प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाहीच. १९५७ साली जी पद्धत फसली म्हणून मोडली, तिथेच आपल्याला परत नेऊन बसवलं, हा प्रश्न आहे.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "राजकारण तरी थांबलं." राजकारण थांबलेलं नाही, ते बंद दाराआड गेलं. जिल्हा वार्षिक योजनेचा मोठा पैसा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीत वाटला जातो. आमदारांचा शब्द तिथे आजही चालतो. गेला तो फक्त गटातून निवडून आलेल्या सदस्याचा आवाज, आणि त्यात निम्म्या बायका होत्या.

दुसरं उत्तर जास्त बोचरं आहे. "तुमच्या बायका तरी काय करत होत्या? सह्या त्यांच्या, कारभार नवऱ्याचा." शेवटच्या पाच वर्षांत आमच्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदी आधी शालिनी विखे पाटील आणि मग राजश्री घुले, अशा दोन महिलाच होत्या. दोघीही साखरेच्या राजकारणातल्या मोठ्या घराण्यांतल्या. मग त्या काळात ऊसतोड बाईच्या आरोग्याचा प्रश्न अंदाजपत्रकात केवढा आला, हा प्रश्न योग्य आहे आणि तो आपण विचारलाच पाहिजे. पण तो विचारता येतो, कारण खुर्चीवर निवडून आलेलं माणूस असतं. त्याला पुन्हा मतांसाठी आपल्या दारात यावं लागतं. प्रशासकाची बदली होते, तो पुढच्या जिल्ह्यात जातो. पुरुष सदस्य ठेकेदारांचे होते म्हणून कोणी पुरुषांचा मताधिकार काढून घ्या असं म्हटलं नाही. बाई कच्ची निघाली की लगेच बायकांचं आरक्षणच कसं फुकट, हे सिद्ध करायला सगळे तयार.

जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. चौंडी याच जिल्ह्यातली, जामखेड तालुक्यातली. ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत भरली. तिथे स्मृतिस्थळाच्या ६८१ कोटींच्या आराखड्याला मंजुरी मिळाली, जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचीही घोषणा झाली. महाविद्यालयाचं स्वागतच आहे. पण नेमक्या त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारला सांगावं लागलं, की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या. एका राज्यकर्त्या बाईच्या गावी तिचा गौरव चालला होता आणि तिच्या जिल्ह्यातल्या निम्म्या लोकप्रतिनिधी बायका तीन वर्षं घरी बसवलेल्या होत्या. अहिल्याबाई कारभार करीत होत्या म्हणून मोठ्या झाल्या. आपल्याला त्यांचं नाव दिलं, कारभार दिला नाही.

आता खर्चाकडे वळू. दहा टक्के निधीतून काय काय करता येतं याची यादी सरकारनेच दिलेली आहे. समुपदेशन केंद्रं आहेत, मुलींना स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण आहे, कुपोषित मुलांना आणि गरोदर-स्तनदा बायांना जादा आहार आहे. पण गावात पोचते ती शिलाई मशीन आणि पिठाची गिरणी. वस्तू वाटल्या की फोटो निघतो. समुपदेशन केंद्रात रडत आलेल्या बाईचा फोटो निघत नाही. त्यातही २०१६ च्या अखेरीस वस्तूऐवजी खात्यावर पैसे देण्याचा निर्णय झाला. हेतू चांगला होता, ठेकेदाराची दलाली बंद व्हावी. प्रत्यक्षात बाईने आधी स्वतः वस्तू घ्यायची, पावती जोडायची आणि मग पैशाची वाट बघायची. आमच्या बचत गटातल्या एका परित्यक्ता बाईने मला सरळ विचारलं, "ताई, माझ्याकडे आधी गिरणीचे पैसे असते तर मी अर्ज कशाला केला असता?" तिचा अर्ज मंजूर होता. गिरणी आली ती शेजारच्या बागायतदाराच्या सुनेच्या नावावर.

आरोग्याची गोष्ट याहून गंभीर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या हातात असतात. नियमाने ३०,००० लोकवस्तीला एक केंद्र आणि ५,००० ला एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २०,००० आणि ३,००० ला. हे मोजमाप राहत्या वस्तीचं. आमचा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोक. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बाया दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात, आणि प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात कारखान्यांभोवती परक्या जिल्ह्यांतल्या टोळ्या उतरतात. कोप्यांवरची गरोदर बाई गावच्या नोंदवहीत आहे पण गावात नाही; कोपीवर आहे पण तिथल्या नोंदवहीत नाही. पैसा नोंदवहीमागून जातो, बाईमागून जात नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली तपासणी झाली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्या बाया सीमेच्या अलीकडे आल्या की वेगळ्या होत नाहीत.

आणि ज्या जन्मालाच आल्या नाहीत त्या? गर्भलिंग परीक्षेविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला, तो आपल्या चळवळीच्या रेट्याने. तरी आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ८८४ होत्या, त्या २०११ साली ८५२ झाल्या. हा आकडा दुष्काळी पट्ट्याचा नाही, साखरेच्या सुबत्तेचा आहे.

पैसा नव्हता, माणसं नव्हती म्हणून हे झालं, असं आमच्या जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये. याच जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावातल्या बायांना, त्यात दलित, निरक्षर, टाकलेल्या बाया होत्या, आरोग्य सेविका म्हणून उभं केलं. जगभरचे डॉक्टर ते बघायला आले. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर सरकारने 'आशा' नेमल्या, त्या याच वाटेने. फरक एवढाच की सरकारने बाईचं काम घेतलं आणि तिला कामगार म्हणायचं टाळलं. ती 'स्वयंसेविका', तिला 'मानधन'. त्यासाठी आशांना ऑक्टोबर २०२३ मध्ये संप करावा लागला, कबूल केलेल्या वाढीचा आदेश निघेना म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा करावा लागला, तेव्हा मार्चमध्ये ५,००० रुपयांची वाढ झाली. अंगणवाडीच्या बायांनी डिसेंबर २०२३ पासून दीड महिना अंगणवाड्या बंद ठेवल्या. दिवाळीला त्यांना मिळणाऱ्या रकमेचं सरकारी नाव काय, तर 'भाऊबीज भेट'. पुन्हा ओवाळणीच.

निर्णय वर होतात आणि त्यांची किंमत खाली बाया मोजतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात करोनाच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली, त्या दिवशी ११ रुग्ण गेले. हे रुग्णालय राज्य सरकारचं, जिल्हा परिषदेचं नव्हे. पण धडा तोच. वरच्या अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. पोलिसांनी पहिल्यांदा अटक केली ती मात्र एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. इमारतीचे, वायरिंगचे, आग विझवण्याच्या साधनांचे कागद त्या परिचारिकांच्या सहीने मंजूर होत नाहीत.

कोणी म्हणेल, आता तर 'लाडकी बहीण' आहे, २०२४ च्या जुलैपासून महिना १,५०० रुपये. मी ज्या बायांमध्ये काम करते त्यांना या पैशांनी आधार दिला आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचे मिळून सुमारे ७४६ कोटी या योजनेकडे वळवले गेले. अकोल्यातल्या ठाकर बाईच्या एका हातात दिलेले पैसे तिच्याच मुलीच्या आश्रमशाळेच्या खात्यातून आले नाहीत ना, हे तिने विचारायला नको का? आणि १,५०० रुपयांत रात्री दोन वाजता रुग्णवाहिका येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, सभागृह कधीही भरो, प्रशासकाच्या काळातल्या प्रत्येक आर्थिक वर्षाचा हिशेब आपण मागायचा आहे. माहितीच्या अधिकाराचा लढा पारनेरच्या राळेगणसिद्धीतून लढला गेला, तो कायदा आपल्या घरचा आहे. प्रत्येक गटाने दहा टक्के निधीची वर्षवार जमा, खर्च, लाभार्थींची यादी आणि अखर्चित रक्कम लेखी मागावी. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर उरकू देऊ नका, आणि ग्रामपंचायतीच्या दहा टक्क्यांचा जाब तिथेच विचारा. निम्मा निधी तरी वस्तूंऐवजी समुपदेशन, आहार आणि प्रशिक्षणावर जावा. गरीब बाईला पैसे आधी द्यावेत, पावती मागाहून घ्यावी. गळीत हंगामात कोप्यांवर फिरत्या दवाखान्याची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी आणि कारखान्यांनीही त्यात पैसा घालावा. आशांचं मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावं.

यातली एकही मागणी नवी नाही, एकीलाही नवा कायदा लागत नाही. लागते ती रांगेत उभं राहण्याची चिकाटी, आणि ती आपल्याकडे रेशनच्या, पाण्याच्या, दवाखान्याच्या रांगांनी भरपूर जमवलेली आहे. या वेळी रांग जिल्हा परिषदेच्या वित्त विभागासमोर लावू या.