संध्याकाळी साडेसहाला ‘गजरा’ लावा

२०२५च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेले. त्या दिवशी ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’मधले मिनिट-दोन मिनिटांचे तुकडे फोनवर एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले. कृष्णधवल, थोडं थरथरणारं चित्र. त्यात दिलीप प्रभावळकरांचा बावरलेला चिमणराव आणि शेजारी पाय रोवून उभा असलेला कर्व्यांचा गुंड्याभाऊ. पाठवणारे बहुतेक साठीच्या पुढचे, आणि ज्यांना पाठवत होते तेही त्याच वयाचे. दुसऱ्या दिवशी सगळं थांबलं. चिं. वि. जोशींची माणसं पडद्यावर इतक्या नेमकेपणानं आणणारी ही मालिका आज मराठी घरात दिसते ती कुणाच्या तरी निधनाच्या बातमीबरोबर. मला हे फार लागतं, आणि दूरचित्रवाणीवरच्या या स्तंभात ते स्पष्ट लिहायला हवं.

जुना कार्यक्रम जिवंत राहतो तो ठरलेल्या वेळी, फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर पुन्हा पुन्हा लागल्यामुळे. तो कुठेतरी साठवून ठेवलेला असणं पुरेसं नाही. ज्याला दूरदर्शनचा जुना ‘गजरा’ ठाऊक आहे तो यूट्यूबवर ‘गजरा’ शोधेल. ज्याला ठाऊकच नाही तो काय शोधणार? वाहिनीवर लागलेला कार्यक्रम मात्र न शोधणाऱ्यालाही गाठतो. आजी बघत बसलेली असते, नातू शेजारी लोळत असतो. पहिली पाच मिनिटं तो फोनमध्ये असतो, सहाव्या मिनिटाला त्याचं डोकं वर होतं. ओळख अशीच होते. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी जुने मराठी चित्रपट शनिवार-रविवारी दूरदर्शनवर पाहिले, तेही दुसरं काहीच नव्हतं म्हणून. त्यातूनच राजा परांजपे आपले झाले.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, वरळीला. पुढे सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यातही दिसू लागलं. हातात होता एक स्टुडिओ, संध्याकाळचे काही तास आणि नाटक, साहित्य, संगीत, आकाशवाणी अशा ठिकाणांहून आलेली माणसं. विनायक चासकरांनी ‘गजरा’ उभा केला. छोट्या प्रहसनांच्या त्या कार्यक्रमात प्रायोगिक आणि व्यावसायिक रंगभूमीवरचे नट एकाच अंगणात यायचे. सुहासिनी मुळगावकरांच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक-कलावंत निवांत बोलायचे, घाई नाही, मध्येच तोडणं नाही. आकाशानंदांचा ‘ज्ञानदीप’ गावोगावी पोचला आणि त्याच्या नावानं प्रेक्षकांची मंडळं निघाली. स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी याच केंद्रावर बातम्या वाचत होत्या. भक्ती बर्वे इथं निवेदिका होत्या. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ इथूनच निघे. एका शहराच्या एका केंद्रात, दहा-बारा वर्षांच्या अवधीत, मराठी कलाजगतातलं जवळपास प्रत्येक महत्त्वाचं माणूस कॅमेऱ्यासमोर येऊन गेलं. इतका श्रीमंत ठेवा दुसऱ्या कुठल्याही मराठी संस्थेच्या वाट्याला आलेला नाही.

आता तो ठेवा उरला किती? इथं दुखणं सुरू होतं. व्हिडिओ टेप आयात करावी लागे आणि ती महाग होती. म्हणून प्रसारण झालं की त्याच टेपवर पुढचा कार्यक्रम चित्रित व्हायचा आणि आधीचा पुसला जायचा. दूरदर्शनवर काम केलेल्या अनेकांनी हे हळहळत सांगितलं आहे. ही चूक केवळ आपली नव्हती. बीबीसीनंही १९६० आणि ७०च्या दशकांत ‘डॉक्टर हू’, ‘डॅड्स आर्मी’ यांसारख्या मालिकांचे भाग पुसले आणि आज जगभरच्या संग्राहकांकडे हरवलेल्या प्रती शोधत फिरावं लागतंय. पुसण्यातून वाचलेल्या टेपांचंही आयुष्य मोजकंच. चुंबकीय थर फितीला धरून ठेवणारं द्रव्य दमट हवेत ओलावा शोषतं आणि चिकट होतं. मग टेप यंत्रावर चढवली की थर खरवडून निघतो. मुंबईच्या हवेत हे किती लवकर होत असेल, ते समुद्राजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. शिवाय दोन इंची, एक इंची, यू-मॅटिक अशा प्रत्येक टेपला तिचंच यंत्र लागतं. ती यंत्रं बनणं केव्हाच थांबलं आणि ती चालवणारे तंत्रज्ञ निवृत्त झाले.

दूरदर्शननं जतनाचं काम केलेलं नाही असं नाही. जुने कार्यक्रम संगणकीय रूपात आणण्याचा प्रकल्प बरीच वर्षं चालला आहे, सह्याद्री या दूरदर्शनच्या मराठी वाहिनीच्या यूट्यूब पानावर जुनं बरंच काही दिसतं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात प्रसारभारतीनं ‘वेव्हज’ हे ॲपही आणलं. हे सगळं चांगलंच आहे. पण फोनवर प्रसारण सुटं सुटं होतं. ज्याच्याकडे डेटा आहे, ज्याला मोठ्या पडद्यावर लावता येतं, ज्याला नाव माहीत आहे, त्याचीच सोय होते. धुळ्याच्या किंवा सावंतवाडीच्या घरात दूरदर्शनच्या फ्री डिशची डबी आहे, महिन्याचं भाडं नाही, आणि दुपारभर टीव्हीसमोर बसणारं वयस्कर माणूस आहे. त्या माणसाला यूट्यूबवर कोण पाठवणार?

लोक जुनं बघत नाहीत, असं म्हणायला आता जागा उरलेली नाही. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, चित्रीकरणं बंद पडली आणि २८ मार्चपासून डीडी नॅशनलवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ सकाळ-संध्याकाळ लागलं. तेहतीस वर्षांपूर्वीची मालिका, आजच्या मानानं भाबडी चित्रकरामत, आणि तरी त्या आठवड्यांत दूरदर्शननं सगळ्या खासगी वाहिन्यांना मागे टाकलं. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शननं जाहीर केलं. त्या आकड्यावर वाद झाले, ते बाजूला ठेवू. घराघरांत ‘रामायण’ लागत होतं हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १३ एप्रिलला ‘डीडी रेट्रो’ नावाची वेगळी वाहिनीच सुरू झाली. पण त्या लाटेवर हिंदी मालिका आल्या. राष्ट्रीय वाहिनीकडून दुसरी अपेक्षा नव्हती. अपेक्षा होती ती सह्याद्रीकडून. तेव्हा संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ ‘गोट्या’, ‘चिमणराव’, ‘एक शून्य शून्य’, ‘हॅलो इन्स्पेक्टर’, ‘दामिनी’ यांना ठरवून दिला असता, आणि टाळेबंदी उठल्यावरही तसाच ठेवला असता, तर आज पाच-सहा वर्षांत एक सवय तयार झाली असती.

सवयीची ताकद काय असते ते अमेरिकेत दिसतं. तिथली स्थानिक केंद्रं हीच पुनःप्रक्षेपणाची खरी जन्मभूमी. १९५१मध्ये ल्यूसिल बॉल आणि देसी अरनाझ या कलाकार दांपत्याला ‘आय लव्ह ल्यूसी’ ही आपली विनोदी मालिका न्यूयॉर्कहून थेट करायची नव्हती, हॉलिवूडमध्येच राहायचं होतं. त्यांनी ती ३५ मिलिमीटरच्या चित्रपट फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी, प्रेक्षकांसमोर चित्रित केली. खर्च वाढला तेव्हा त्यांनी आपलं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी मागितली. एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाला किंमत असते हे तेव्हा कुणाच्या फारसं ध्यानात आलं नव्हतं. पुढे सीबीएस वाहिनीनं तेच हक्क लाखो डॉलर मोजून परत घेतले. फिल्म असल्यामुळे चित्र स्वच्छ राहिलं आणि गावोगावची केंद्रं ती मालिका दशकानुदशकं लावत राहिली.

‘स्टार ट्रेक’ची गोष्ट तर या स्तंभाच्या मुद्द्याला जास्तच जवळची. एनबीसी वाहिनीनं ती तीन हंगामांनी, ७९ भाग झाल्यावर, १९६९मध्ये बंद केली. प्रेक्षक कमी म्हणून. मग तेच भाग स्थानिक केंद्रांनी विकत घेतले आणि संध्याकाळी, मुलं शाळेतून आल्यावर, रोज लावले. आठवड्याला एक भाग बघून जे जमलं नव्हतं ते रोजच्या भागानं जमलं. जग ज्या ‘स्टार ट्रेक’ला ओळखतं ती या पुनःप्रक्षेपणातून मोठी झाली. भाग तेच होते, नट तेच होते. बदलली होती ती फक्त वेळ.

जून २००९मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं अँटेनावरचं प्रसारण पूर्णपणे डिजिटल झालं. एका केंद्राच्या जागेत आता चार-पाच वाहिन्या मावू लागल्या आणि त्या मोकळ्या जागेत जुन्या मालिका आल्या. शिकागोच्या एका कंपनीनं स्वतःच्या शहरापुरती सुरू केलेली ‘मी-टीव्ही’ २०१०च्या डिसेंबरपासून देशभरच्या स्थानिक केंद्रांना मिळू लागली. घरावर अँटेना लावला की फुकट. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. प्रसारभारतीनं जुनी जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं एकेक करून बंद केली आणि २०२२च्या मार्चपर्यंत ते काम जवळपास पुरं झालं. खर्चाचं गणित मला समजतं. उपग्रहावरून येणारी फ्री डिश त्याहून कितीतरी जास्त घरांत पोचते. पण प्रक्षेपण स्थानिक राहिलं नाही, तेव्हा कार्यक्रम तरी स्थानिक ठेवायची जबाबदारी वाढली. सह्याद्रीनं ती घ्यायला हवी.

कसं लावायचं यावरही माझा हट्ट आहे. जुना कार्यक्रम चार-तीन प्रमाणाच्या पडद्यासाठी चित्रित झालेला असतो. आजच्या रुंद पडद्यावर तो भरावा म्हणून ताणला की माणसं बुटकी आणि जाड दिसतात. वरून-खालून कापला की डोकी जातात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्यावी, काही बिघडत नाही. श्रेयनामावली कापू नये. तिच्यात ज्यांची नावं आहेत त्यांच्यातल्या अनेकांची दुसरी कुठलीच नोंद नाही. भाग पूर्ण दाखवावा. अमेरिकेत जाहिरातींसाठी जुन्या भागांतली मिनिटं कापण्याची आणि चित्र किंचित वेगानं पळवण्याची वाईट खोड आहे. विनोदाला तिचा जबर फटका बसतो, कारण विनोद थांबण्यात असतो. आणि प्रत्येक भागाआधी अर्ध्या मिनिटाचं निवेदन हवं: हा कधी चित्रित झाला, कुणी लिहिला, कुणी केला. त्या काळातला एखादा विनोद आज खटकणारा असेल तर तेही तिथंच सांगावं आणि मग भाग दाखवावा.

कुणी म्हणेल, हे सगळं दादर-गिरगाव-सदाशिव पेठेचं जग आहे, ते पुन्हा कशाला. आक्षेप खरा आहे. त्या काळच्या दूरदर्शनवर कोण दिसायचं आणि कोण दिसायचं नाही, हे जुने कार्यक्रम सलग पाहिले की फार स्पष्ट कळतं, आणि ते कळणंही मला मोलाचं वाटतं. पण म्हणूनच निवड फक्त नाटका-प्रहसनांची नको. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम लावा. १९७०-८०च्या दशकांतली पिकं, औजारं, विहिरी, शेतकऱ्यांची बोली, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभं राहिलेल्या माणसाचा अवघडलेला आणि मग मोकळा होत गेलेला चेहरा, हे त्या कार्यक्रमाच्या जुन्या भागांत आहे. लोककलावंतांची चित्रणं आहेत. शेती शिकणाऱ्या मुलांना, लोककलेच्या अभ्यासकांना आणि त्या गावांतल्या आजच्या लोकांना याहून जवळचं काय असेल? माझ्यावर सोपवलं तर मी ‘गजरा’च्याही आधी हे लावीन.

पैशांचा प्रश्नही टाळता येणार नाही. दूरदर्शननं कलाकारांना तेव्हा मानधन दिलं ते एकदाच. अमेरिकेतही हा झगडा होता: १९६०मध्ये रोनाल्ड रेगन नटांच्या संघटनेचे अध्यक्ष असताना, टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांचे पैसे नटांना मिळावेत म्हणून संप झाला. ‘स्टार ट्रेक’च्या नटांचे करार त्याही नंतरचे, पण जुन्या पद्धतीचे. ठरावीक वेळा पुनःप्रक्षेपण झाल्यावर त्यांना पैसे येणं बंद झालं आणि मालिका मात्र चालतच राहिली. आपल्या जुन्या कलाकारांपैकी, पडद्यामागच्या तंत्रज्ञांपैकी आज कित्येक जण ऐंशीच्या घरात आहेत. पुनःप्रक्षेपणाच्या प्रत्येक भागामागे लहानशी का होईना रक्कम त्यांच्याकडे किंवा त्यांच्या कुटुंबाकडे जावी. सरकारी प्रसारणसंस्थेला ही रक्कम जड नाही.

सगळ्यात आधी मात्र एक यादी हवी. मुंबई केंद्राकडे आज नेमकं काय काय उरलं आहे, कुठल्या कार्यक्रमाचे किती भाग, कुठल्या टेपवर, कुठल्या अवस्थेत, हे जाहीर व्हावं. यादी बाहेर आली की घरोघरी व्हीसीआरवर टिपून ठेवलेल्या कॅसेटीही पुढे येतील. बीबीसीचे काही हरवलेले भाग असेच बाहेरच्या लोकांकडून परत आले. ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेटी आहेत त्यांनी त्या पावसाळ्याआधी खाली उतरवाव्यात, आणि केंद्रानं त्यांच्या प्रती करून घ्यायची सोय वरळीला, पुण्याला आणि नागपूरला करावी. यादी तयार होईपर्यंत सह्याद्रीवर संध्याकाळी साडेसहाची वेळ मोकळी करायला काही अडचण नाही: यूट्यूबवर चढवलेले ‘गजरा’चे भाग सह्याद्रीकडेच आहेत, त्यांपासून येत्या सोमवारी सुरुवात करता येईल.